आधी खोली, मग माइक

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठला माइक घेऊ?" दुकानदार त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. माइक, तो संगणकाला जोडणारा इंटरफेस, हेडफोन, स्टँड आणि वर फोमचे चार तुकडे असा संच तो समोर मांडतो. सगळं घरी येतं, जोडलं जातं, पहिला टेक होतो आणि ऐकताना गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. मग दोष माइकवर जातो आणि त्याहून महाग माइकची चौकशी सुरू होते.

माइक गायकाला एकट्याला कधीच ऐकत नाही. गायक, समोरची भिंत, डोक्यावरचा पंखा, शेजारचा कुकर आणि खालचा रस्ता हे सगळं त्याच्यापर्यंत एकदमच पोहोचतं. उपकरणांबद्दलचे बरेचसे गैरसमज एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे टिकून आहेत. पैसे खर्च करण्याआधी त्यांची झाडाझडती घेतलेली बरी.

गैरसमज 1: खरं रेकॉर्डिंग स्टुडिओतच होतं; घरचं ते कच्चं काम.

वस्तुस्थिती: भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण स्टुडिओबाहेरच सुरू झालं. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यातल्या एका हॉटेलात आपलं यंत्र मांडलं आणि गायिका गौहर जान तिथे कर्ण्यासमोर गायल्या. माइक नव्हताच, विजेच्या साहाय्यानं ध्वनिमुद्रण व्हायला 1925 उजाडावं लागलं.

जानेवारी 1982 मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आणि शुअर कंपनीच्या एसएम 57 या साध्या माइकवर काही गाणी टिपून ठेवली. बँडला चाली ऐकवण्यासाठीची ती कामचलाऊ प्रत होती. बँडबरोबर तीच गाणी पुन्हा मुद्रित केली, तर कॅसेटवरचा जीव त्यात उतरेना. शेवटी कॅसेटवरचीच गाणी 'नेब्रास्का' या नावानं प्रसिद्ध झाली. गायिका बिली आयलिशचा 2019 मधला पहिला अल्बमही बहुतांशी लॉस एंजलिसमधल्या राहत्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला आणि 2020 मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

मात्र 'नेब्रास्का'ची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या कॅसेटवरून तबकडी बनवताना अभियंत्यांची चांगलीच दमछाक झाली. घरात रेकॉर्डिंग करायला कोणाची आडकाठी नाही, पण मूळ मुद्रणात राहिलेला दोष शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

गैरसमज 2: महाग माइक घेतला की आवाज आपोआप चांगला येतो.

वस्तुस्थिती: महाग माइक जास्त बारकावे टिपतो आणि त्या बारकाव्यांत खोलीचे दोषही आले. फरशी, रंगवलेल्या भिंती आणि काचेची खिडकी असलेल्या खोलीत तो भिंतींवरून परतलेला आवाज आणखी स्पष्ट ऐकवतो.

त्यापेक्षा फुकटात मिळणारा उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलनं वाढतो. भिंतींवरून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे 60 सेंटिमीटरवरून 15 सेंटिमीटरवर आलं की गाणं खोलीच्या तुलनेत साधारण 12 डेसिबलनं पुढे येतं. माइक बदलून एवढा फरक पडत नाही.

याचा अर्थ माइक तोंडाला लावावा असा नाही. एकाच दिशेनं ऐकणारे, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचे माइक फार जवळून गायलं की खर्ज फुगवतात. भावगीताला एक वीत अंतर साधारण बरं पडतं. ख्याल गाणाऱ्याचा आवाज तानेत एकदम चढतो आणि मानही हलते, त्याला दीड-दोन विती लागतात. शिवाय प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सरळ पुढे जातो आणि माइकमध्ये धप्प आवाज उमटतो. पॉप फिल्टर लावावा आणि माइक तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला ठेवून ओठांकडे वळवावा.

खोलीचं स्वतःचं गाणंही असतं. 10 बाय 12 फुटांची खोली घ्या. एकमेकींपासून 12 फुटांवर असलेल्या दोन भिंतींमध्ये सुमारे 47 हर्ट्झची अर्धी लहर नेमकी बसते आणि तिच्या पटीत 94 व 141 हर्ट्झवरही खोली घुमते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा असतो. म्हणजे त्याचा सा या खोलीत एका जागी अकारण फुगेल आणि दोन-तीन पावलांवर पोकळ वाटेल. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली खोली तर सगळ्यात वाईट, कारण तिन्ही दिशांचे घुमारे एकाच सुरावर येऊन साचतात. म्हणून स्टँड ठेवण्याआधी खोलीभर फिरत सा लावून पाहावा. जिथे तो ना फुगतो ना पडतो, तिथे माइक उभा करावा.

गैरसमज 3: भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावला की खोली साउंडप्रूफ होते.

वस्तुस्थिती: इथे दोन वेगळी कामं एकाच नावाखाली विकली जातात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आतला घुमारा कमी करणं हे दुसरं.

पहिल्या कामाला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा फार तर 6 डेसिबलचा होतो. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो, त्यामुळे दाराखालची बोटभर फट सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. अंड्यांचे ट्रे म्हणजे कागदाचा हलका लगदा. त्यांना वजन नाही की त्यांत आवाज शोषण्याची ताकद नाही. पेट मात्र ते लगेच घेतात, तेव्हा विजेच्या वायरींजवळ ते लावणं धोक्याचंच.

दुसऱ्या कामात जाडी महत्त्वाची. शोषक थर लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतका खोल असेल तर तो नीट काम करतो. 1000 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 34 सेंटिमीटर, म्हणजे तिला साडेआठ सेंटिमीटर जाडी हवी. 100 हर्ट्झच्या लहरीला तोच हिशोब 85 सेंटिमीटरच्या आसपास जातो. एक इंची फोम फक्त वरचे सूर खातो आणि खालचा घुमारा जसाच्या तसा सोडतो. अशा खोलीत आवाज मेल्यासारखा पण तरीही गढूळ येतो. फोमऐवजी चार इंच जाड रॉकवूलची कापडात मढवलेली चौकट करून ती भिंतीपासून चार इंच पुढे उभी केली, तर भिंतीच्या तेवढ्याच भागात कितीतरी जास्त काम होतं.

खर्च करायचा नसेल तर घरातलीच सामग्री काढावी. कापसाची गादी, जाड गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट हे सगळे शोषकच आहेत. गोधडी भिंतीला चिकटवण्याऐवजी वीतभर पुढे दोरीवर टांगली तर तिचा उपयोग वाढतो. ती कुठे टांगायची यात बहुतेक जण चुकतात. कार्डिऑइड माइकची पाठ जवळजवळ बहिरी असते. त्याचं तोंड गायकाकडे आणि पर्यायानं गायकाच्या मागच्या भिंतीकडे असतं. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडात येतो. म्हणून पहिली गोधडी गायकाच्या पाठीमागे.

बाहेरच्या आवाजावर सगळ्यात स्वस्त उपाय घड्याळ हाच. रात्री अकरानंतर किंवा पहाटे, पंखा आणि फ्रिज बंद करून घेतलेला टेक दुपारच्या कुठल्याही टेकपेक्षा स्वच्छ येतो. फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण मात्र दारावर चिकटवून ठेवा.

गैरसमज 4: कंडेन्सर माइक स्टुडिओचा, डायनॅमिक माइक स्टेजचा.

वस्तुस्थिती: दोघांची रचना वेगळी, एवढंच. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेलं वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा एका पट्टीसमोर हलतो आणि त्यांच्यातलं अंतर बदलल्यानं विद्युतदाबात होणाऱ्या बदलातून सिग्नल तयार होतो. त्याचा पडदा हलका म्हणून तो वरचे सूर आणि बारीक हरकती अधिक तपशिलानं टिपतो. तंबोऱ्याची जवारी, सतारीचा झणत्कार, संतूर यांना तो शोभतो. पण तोच तपशील शेजारच्या टीव्हीचाही येतो.

मायकल जॅक्सनच्या 1982 मधल्या 'थ्रिलर' अल्बमच्या गायनासाठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन यांनी शुअरचा एसएम 7 वापरला होता आणि तो डायनॅमिक आहे. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये, काहीच उपाय न केलेल्या खोलीत, जवळून वापरलेला साधा डायनॅमिक माइक बहुतेक वेळा कंडेन्सरपेक्षा जास्त वापरण्याजोगा टेक देतो.

आता उलटा गैरसमजही पसरला आहे. पॉडकास्टमध्ये सगळ्यांसमोर दिसतो तोच काळा माइक हवा, असा. त्याच एसएम 7 चा पुढचा अवतार असलेला एसएम 7 बी फार कमी सिग्नल देतो. त्याला सुमारे 60 डेसिबल स्वच्छ गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागते. स्वस्त इंटरफेसचा गेन तिथपर्यंत ताणला की खरखर सुरू होते आणि मग सिग्नल वाढवणारा वेगळा प्रीअँप घ्यावा लागतो. त्यात हळू आवाजात गुणगुणणाऱ्या गायकाला तर हा जोडीदार मुळीच परवडत नाही. माइकची किंमत बघताना तो चालवायला काय लागेल तेही जोडून बघावं.

गैरसमज 5: 48 व्होल्टचं बटण दाबलं की डायनॅमिक माइक जळतो.

वस्तुस्थिती: कंडेन्सर माइक चालवण्यासाठी इंटरफेस केबलीतून 48 व्होल्टचा जो पुरवठा करतो, तो म्हणजे फँटम पॉवर. नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला तिनं काही होत नाही. हा दाब दोन्ही सिग्नल तारांवर सारखाच असतो, त्यामुळे वेटोळ्यातून प्रवाह वाहतच नाही. जपायचं ते जुन्या धाटणीच्या रिबन माइकना आणि सदोष केबलींना. आकड्यामागची गोष्ट गमतीची आहे. 1966 मध्ये जर्मनीच्या न्यूमन कंपनीनं नॉर्वेच्या नभोवाणीसाठी माइक बनवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच माइकसाठी वापरला गेला आणि पुढे जगभर रूढ झाला. एक पथ्य मात्र पाळावं: बटण चालू-बंद करताना स्पीकर आणि हेडफोनचा आवाज खाली आणावा, नाहीतर कानात दणका बसतो.

गैरसमज 6: यूएसबी माइक म्हणजे खेळणं.

वस्तुस्थिती: यूएसबी माइकच्या पोटात माइक, प्रीअँप आणि डिजिटल रूपांतर करणारा भाग हे तिन्ही असतात. एकट्यानं गाणाऱ्याला, रियाज टिपून ठेवणाऱ्याला किंवा ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याला तो पुरेसा आहे. त्याची मर्यादा वाढीची. उद्या तबला साथीला आला की दुसरा यूएसबी माइक जोडणं त्रासाचं होतं, कारण दोघांची अंतर्गत घड्याळं वेगळी चालतात. एक भाग बिघडला की सगळाच बदलावा लागतो. पुढे दोन-तीन जणांनी मिळून वाजवायचं असेल, तर दोन इनपुटचा साधा इंटरफेस आणि एक एक्सएलआर माइक इथूनच सुरुवात करावी.

गैरसमज 7: माइक जितके जास्त, तितकं रेकॉर्डिंग चांगलं.

वस्तुस्थिती: एकच आवाज दोन माइकपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि ते दोन सिग्नल एकत्र केले की काही सूर एकमेकांना खोडतात. तबला भरीव ऐकू येण्याऐवजी पत्र्यासारखा वाजतो. जाणकार यासाठी तिप्पट अंतराचा नियम पाळतात: माइक वाद्यापासून एक फुटावर असेल, तर दुसरा माइक पहिल्यापासून निदान तीन फूट लांब हवा.

पेटीजवळ माइक ठेवला की भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट सुरांपेक्षा ठळक होते. तो वरून, दीड-दोन फुटांवरून, पट्ट्यांच्या बाजूला लावावा. तबल्याला दायां आणि डग्गा यांच्या मध्यावर, वर फूटभर अंतरावर एकच माइक ठेवून आधी पाहावा. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये दाखवून दिलं होतं की शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर मूळ सुराशी जुळलेले असतात, म्हणून त्यांचा नाद सुरेल वाटतो. तो नाद जुळून यायला माइकला थोडं अंतर लागतं. माइक पुडीला खेटवला की बोलाचा आघात तेवढा हाती लागतो.

छोट्या खोलीत गायक, पेटी आणि तबला एकाच वेळी मुद्रित करायचे असतील, तर माइक वाढवण्याआधी बसण्याच्या जागा बदलून बघाव्यात. प्रत्येक माइकची बहिरी पाठ शेजारच्या वाद्याकडे आली पाहिजे. तंबोरा ॲपवर लावला असेल तर तो हेडफोनमध्ये ऐकावा. स्पीकरवर लावलेला तंबोरा प्रत्येक ट्रॅकवर उतरतो आणि नंतर काढता येत नाही.

गैरसमज 8: 192 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं की दर्जा चौपट होतो.

वस्तुस्थिती: माणसाला फार तर 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते. सिद्धान्त असा की ज्या दरानं नमुने घेतो त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पूर्णपणे पकडता येतात. सीडीचा 44.1 किलोहर्ट्झचा दर 22 किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतो, म्हणजे कानाच्या पलीकडे. व्हिडिओसोबत वापरायचं असेल तर 48 किलोहर्ट्झ घ्यावा. 192 वर दर मिनिटाला फाइल चौपट मोठी होते, संगणक हाशहुश करतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

बिटचं तसं नाही. एका बिटमागे साधारण 6 डेसिबल या हिशोबानं 16 बिटमध्ये 96 डेसिबल मावतात, तर 24 बिटमध्ये कागदावर 144. तुमच्या खोलीत एवढी शांतता नसते आणि कुठल्याही इंटरफेसला 144 पूर्ण गाठता येत नाहीत. पण 24 बिटमुळे लेव्हल निवांत खाली ठेवता येते, हा खरा फायदा आहे. तेव्हा 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ ठेवा आणि हा विषय संपवा.

गैरसमज 9: लेव्हल लाल खुणेला भिडली की आवाज दमदार येतो.

वस्तुस्थिती: हा टेपच्या जमान्याचा वारसा आहे. टेपवर हळू मुद्रण केलं की तिची सरसर ऐकू यायची, म्हणून लेव्हल वर ठेवत आणि थोडी ओलांडली तरी टेप ते सोसून घ्यायची. डिजिटलमध्ये शून्याच्या पुढे जागाच नाही. तिथे लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. गायकाला त्याची सगळ्यात जोरकस तान घ्यायला सांगा आणि तेव्हा काटा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन लावा. रंगात आल्यावर गायक तालमीपेक्षा नेहमीच जोरात गातो, ते धरून ही जागा राखायची.

32 बिट फ्लोट रेकॉर्डर आला म्हणून आता काही फाटणार नाही, हेही अर्धसत्य. रेकॉर्डरच्या आतली फाट तो वाचवतो. माइकच आपल्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर ती फाट कोणीच सांधू शकत नाही.

गाणं प्रसिद्ध करताना ते जास्तीत जास्त मोठं करण्याची चढाओढही आता फुकट आहे. स्पॉटिफाय ऐकवताना सगळी गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (लफ्स हे आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) पातळीला आणतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे आपोआप खाली ओढलं जातं आणि दाबल्यामुळे गेलेला त्याचा चढउतार मात्र परत येत नाही.

गैरसमज 10: स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, म्हणजे लॅपटॉप बदलायला झाला.

वस्तुस्थिती: आधी बफर बघा, म्हणजे संगणक एका वेळी किती नमुने साठवून मग पुढे पाठवतो ते. 44.1 किलोहर्ट्झवर 1024 चा बफर एका बाजूनं सुमारे 23 मिलिसेकंद उशीर करतो, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीवर. 128 वर हाच आकडा 3 मिलिसेकंदांच्या खाली येतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 3 मिलिसेकंद म्हणजे मीटरभर दूर बसलेला साथीदार. याचा कोणालाच त्रास होत नाही. रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवा, मिक्सिंग करताना वाढवा. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण. त्यानं आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये येतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घातला नसेल, तर तो आधी घालावा. एक-दोन ट्रॅकसाठी जुनं यूएसबी 2 सुद्धा चिक्कार झालं: त्याची क्षमता सेकंदाला 480 मेगाबिट आणि 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या एका ट्रॅकची गरज जेमतेम 1.15 मेगाबिट.

गैरसमज 11: भणभण येते, म्हणजे सोन्याचा मुलामा असलेली केबल घ्यायला हवी.

वस्तुस्थिती: आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून भणभण 50 आणि 100 हर्ट्झवर येते. तिचा उगम बहुतेकदा अर्थिंगमध्ये असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या. आवाज गेला तर केबल निर्दोष आहे आणि वायरमनला बोलवायची वेळ झाली आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद होणारे दिवे हेही नेहमीचे संशयित. सगळी उपकरणं एकाच पॉवर स्ट्रिपवर घेतली की कित्येकदा काम भागतं. प्लगची तिसरी पिन कापण्याचा जुगाड मात्र कधीही करू नये. ती पिन जिवासाठी आहे.

माइकची एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते. तिच्या दोन तारांत एकच सिग्नल उलटसुलट धावतो आणि बाहेरून शिरलेली भणभण दोन्हींत सारखी असल्यानं शेवटी वजा होते. हे काम साधी, मजबूत सोल्डरची केबलही चोख करते.

गैरसमज 12: हेडफोनवर मिक्सिंग करूच नये, मोठे मॉनिटर स्पीकर हवेतच.

वस्तुस्थिती: सुधारणा न केलेल्या 10 बाय 10 च्या खोलीत मोठे मॉनिटर ठेवले, तर त्यांचा खर्ज खोलीच ठरवते. तिथे चांगले, मागून उघडे हेडफोन जास्त खरं बोलतात. गाताना मात्र बंद हेडफोन हवेत, नाहीतर ठेका माइकमध्ये झिरपतो. हेडफोनवर डावी-उजवी बाजू खऱ्यापेक्षा जास्त फाकलेली वाटते, म्हणून शेवटची तपासणी साध्या स्पीकरवर, मोबाइलवर आणि गाडीत करावी.

मॉनिटरच्या दर्जाबद्दलचा भ्रमही यामाहाच्या एनएस 10 या स्पीकरनं कधीच मोडला आहे. 1978 मध्ये तो घरगुती हायफायसाठी आला होता. पुढे जगभरच्या स्टुडिओंनी तो उचलला तो मिक्समधल्या चुका लपवत नसल्यामुळे. ओळखीच्या स्पीकरवर ओळखीची गाणी भरपूर ऐकलेली असणं हे नव्या, महाग स्पीकरपेक्षा जास्त कामाला येतं.

गैरसमज 13: आत्ता घेऊन टाकू, मिक्समध्ये बघू.

वस्तुस्थिती: सतत येणारी सरसर सॉफ्टवेअर बऱ्यापैकी काढतं. सूर थोडा सरकवता येतो. पण भिंतींचा घुमारा आवाजात विरघळलेला असतो. तो काढताना अक्षरांच्या कडा आणि आवाजाचा पोत सोबत जातो. मींडेत किंवा आंदोलित स्वरात सूर दुरुस्त करणारं साधन तर हमखास अडखळतं, कारण ते ठरावीक पायऱ्यांवर सूर बसवायला जातं आणि आपल्या गाण्याचा अर्थ त्या पायऱ्यांच्या मधल्या जागेत असतो. तिथे दुसरा टेक घेणं दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं. सॉफ्टवेअरच्या नावाचाही बाऊ नको. ऑडॅसिटी फुकट आहे, मॅकवर गराजबँड फुकट आहे, रीपर माफक किमतीत मिळतं आणि घरच्या कामाला यांतलं कुठलंही पुरतं.

गैरसमज 14: माइक वर्षभर स्टँडवर राहिला तरी बिघडत नाही.

वस्तुस्थिती: पुण्यात एक वेळ चालेल, पण मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कंडेन्सर ओल धरतो. त्याचं काम अतिशय सूक्ष्म विद्युतभारावर चालतं आणि दमटपणामुळे तो भार गळू लागला की माइक तडतडतो. काम झालं की तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात जावा. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणला तर त्यावर दव धरतं, म्हणून लावण्याआधी अर्धा तास तसाच ठेवावा. उघड्या माइकवर रात्रभर निदान स्वच्छ कापडी पिशवी तरी असावी.

मग पैसे कुठे घालायचे?

दुकानातला क्रम उलटा करून. आधी जागा आणि वेळ ठरवा, त्याला पैसे लागत नाहीत. मग गाद्या-गोधड्या किंवा जाड शोषक चौकटी. मग न डुगडुगणारा स्टँड, पॉप फिल्टर आणि दोन चांगल्या केबली. मग बंद हेडफोन. मग दोन इनपुटचा इंटरफेस. माइक सगळ्यात शेवटी आणि तोही शक्य असेल तर आधी कोणाकडून तरी उसना आणून.

घेण्यापूर्वी एक चाचणी कराच. हाताशी असेल तो माइक, अगदी मोबाइलही चालेल, घेऊन एकच ओळ चार ठिकाणी मुद्रित करा: खोलीच्या मधोमध, कोपऱ्यात, उघड्या कपाटासमोर आणि पाठीमागे गोधडी टांगून. प्रत्येक ठिकाणी एकदा वीतभर अंतरावरून आणि एकदा हातभर. हेडफोन लावून आठही टेक ओळीनं ऐका. त्यांच्यातला फरक ठळक निघाला, तर पैसे अजून खिशातच ठेवा आणि खोलीवर काम करा. सगळ्यात चांगल्या जागीही उणीव उरली आणि ती नेमकी कसली हे तुम्हाला शब्दांत सांगता आलं, तर दुकानात जायला हरकत नाही. तेव्हा कुठला माइक हवा हे विचारायची गरजच पडणार नाही.